कंपनी बापाची नसली तरी

पत्राचा सारांश: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात बारा वर्षे नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. पुरवठादारांची बिले तपासून पास करणे हे त्यांचे मुख्य काम. माल गेटमधून आत आला की स्टोअर्सने त्याची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायची असते आणि ती झाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. ही नोंद आठ-आठ, दहा-दहा दिवस पडून राहते, म्हणून त्या रोज संध्याकाळी स्वतः स्टोअर्समध्ये जाऊन चलानांचे गठ्ठे उपसतात, पीओवरचे, म्हणजे खरेदी आदेशावरचे, दर जुळवतात, सातपूरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे "ताई, आमचं बिल तेवढं बघा" असे फोन घेतात आणि हाताखालच्या नव्या मुलीने चुकवलेल्या नोंदी रात्री घरून दुरुस्त करतात. या सगळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी त्यांनी तयार केलेली एक्सेल शीट नव्या साहेबांनी आढावा बैठकीत "हे करायला कोणी सांगितलं होतं?" असे म्हणून बाजूला सारली आणि इन्क्रीमेंटही सगळ्यांएवढेच झाले. झोप उडाली आहे, पित्ताचा त्रास वाढला आहे. मुलीला घेऊन सोमेश्वरला गेलेल्या रविवारीही त्या धबधब्याकडे पाठ करून फोनवर एका डेबिट नोटबद्दल बोलत होत्या. यजमान म्हणतात, "कंपनी काय तुझ्या बापाची आहे का?" मैत्रीण म्हणते, "सगळ्यांसारख्या पाट्या टाक आणि घरी जा." त्या विचारतात, "कामाबद्दल इतकी आस्था वाटणे हाच माझा दोष आहे का? असेल, तर ती कमी कशी करायची?"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारले आहेत आणि त्यातला दुसरा प्रश्न विचारताना पहिल्याचे उत्तर 'हो' असेच असणार, हे मनाशी धरून टाकले आहे. मला ते उत्तर मान्य नाही. बारा वर्षे बिलांच्या कामात राहूनही ज्या बाईला एखाद्या वर्कशॉपवाल्याचे पैसे अडकल्याची टोचणी लागते, तिच्यात काही बिघडले आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तुमची आस्था ज्या वाटेने वाहते आहे, त्या वाटेबद्दल मला बरेच काही म्हणायचे आहे आणि त्यातले थोडे तुम्हाला बोचण्याचीही शक्यता आहे.

आधी मैत्रिणीच्या सल्ल्याकडे पाहू, कारण असा सल्ला देणारे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, तिच्यात 'बर्नआउट' या अवस्थेची नोंद आहे. तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, असे त्याचे वर्णन आहे आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. अंगातले त्राण गेल्यासारखे वाटणे ही पहिली, कामापासून मन दुरावणे किंवा कामाविषयी कडवट तुच्छता वाटू लागणे ही दुसरी, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटू लागणे ही तिसरी. तुमची मैत्रीण जो उपाय म्हणून सांगते आहे, तो या यादीत लक्षणांमध्ये मोडतो. पाट्या टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जण एके काळी तुमच्यासारखेच जीव ओतून काम करणारे होते, हे कोणत्याही कार्यालयात थोडी चौकशी केली तरी कळेल. त्यांच्या मनातली आस्था शांतपणे कमी झालेली नसते, ती नासलेली असते. तुमच्यासारख्या स्वभावाच्या माणसाने ठरवून बेफिकीर व्हायचा प्रयत्न केला, तर काम तेवढेच राहते आणि वर कडवटपणा तेवढा वाढतो.

यजमानांचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते रागाने बोललेले असले तरी त्याचा धागा तुमच्याच पत्रात आहे. तुमचे वडील सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे होते आणि "अर्धवट काम टाकून ते कधी घरी आले नाहीत," असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. तुमचे माप तिथून आले आहे आणि ते उत्तमच आहे. पण वडिलांच्या वेळचा व्यवहार काय होता, तेही पाहायला हवे. साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे सिडकोची घरे झाली, तेव्हा तिथे कायम नोकरीत लागलेल्या कामगाराच्या निष्ठेला समोरून काहीतरी लिखित उत्तर असे. युनियनचा करार असे, कॅन्टीन असे, पतपेढीचे कर्ज असे आणि १९७२ च्या कायद्याने आलेली ग्रॅच्युइटी असे. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. वडिलांच्या कामाला भोंगा होता. शिफ्ट संपली की मशीन पुढच्या माणसाच्या ताब्यात जायचे आणि जास्त वेळ थांबावे लागले, तर १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे त्याचा दुप्पट दर लागायचा. लेथ मशीन उचलून घरी नेण्याची सोय नव्हती. तुमचे मशीन मात्र पर्समध्ये घालून घरी येते आणि रात्री साडेदहाला तुम्ही करत असलेल्या दुरुस्त्यांची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. वडिलांची निष्ठा तुम्ही घेतलीत आणि त्यांचा भोंगा घ्यायचा राहून गेला, असे मला तुमचे पत्र वाचून वाटले. कंपनी आपल्या बापाची नाही, हे तुमच्या वडिलांना पक्के ठाऊक असणार. तरीही ते चोख काम करत होते.

आता साहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. "हे करायला कोणी सांगितलं होतं?" हे चारचौघांत विचारणे उद्धटपणाचे होते, यात वाद नाही. परंतु राग थोडा बाजूला ठेवून त्या प्रश्नातून काय कळते ते पाहा. साहेब नवे आहेत. त्यांच्या खुर्चीतून पाहिले तर बिले वेळेवर पास होत आहेत, पुरवठादारांच्या तक्रारी वर येत नाहीत आणि महिनाअखेर सुरळीत पार पडते आहे. स्टोअर्समध्ये नोंदी दहा दिवस पडून असतात, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा एकही मार्ग उरलेला नाही, कारण तो प्रत्येक मार्ग तुम्ही संध्याकाळी स्वतः चालून जाऊन बंद केलेला आहे. गच्चीवरची टाकी गळत असताना कोणी रोज न चुकता खाली बादली लावत असेल, तर घरमालक प्लंबरला कशासाठी बोलावेल? एवढेच नव्हे, ती बादली त्याला अडगळ वाटेल. तुमची एक्सेल शीट त्यांना तशीच वाटली असावी.

माझ्या मते तुमचा खरा पेच इथे आहे. स्टोअर्स वेळेवर चालवण्याची जबाबदारी तुम्ही मनाने घेतली आहे, पण तिथल्या माणसाला एक शब्द सुनावण्याचा किंवा तिथे एक माणूस वाढवण्याचा अधिकार तुम्हाला कोणीही दिलेला नाही. अधिकार नसलेल्या ठिकाणची जबाबदारी निभावायला हातात स्वतःचा वेळ आणि स्वतःची झोप एवढ्याच गोष्टी उरतात, आणि तुम्ही नेमक्या त्याच खर्च करत आला आहात. लोक याला लष्करच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, कारण बिले पास करणे हे तुमचेच काम आहे आणि ते अडते म्हणून तुम्ही तिकडे गेलात. पण गेलात त्या दिवसापासून तो गोंधळ स्टोअर्सचा राहिला नाही, तुमचा झाला.

बोचेल असे जे म्हणालो, ते आता विचारतो. "ताई, आमचं बिल तेवढं बघा," या वाक्यात थोडी गोडीही आहे ना? आपल्यावाचून अडते, ही जाणीव माणसाला सुखावते आणि त्यात पाप काहीच नाही. ज्या ठिकाणी वरून कौतुकाचा शब्द येत नाही, तिथे तर माणूस तेवढ्यावरच वर्षे काढतो. तरीही एकदा स्वतःलाच विचारून पाहा. मागे कधी तुम्ही रजेवर असताना एखादे बिल दुसऱ्या कोणी नीट निस्तरले असेल, तर ते कळल्यावर हायसे वाटले होते, की किंचित चुकल्यासारखे? दुसरे उत्तर येत असेल, तर त्या शीटच्या अपमानाचे दुःख इतके खोल का गेले, त्याचा उलगडा होईल.

तुमच्या शेजारी बसणारा सहकारी साडेपाचला डबा पिशवीत टाकून कंपनीच्या बसकडे जातो, याचाही तुम्हाला राग आहे. पत्र दोनदा वाचले. त्याचे काम अपुरे राहते, असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. कदाचित वडिलांचा भोंगा त्याने ऐकला असेल.

काय करायचे, याकडे वळताना मी कामांची सरसकट छाटणी सुचवणार नाही, कारण तुमच्या टेबलावरच्या सगळ्या गोष्टी एका वजनाच्या नाहीत. काही तारखा कायद्याने बांधलेल्या आहेत. ७ तारखेचा टीडीएस, ११ ची जीएसटीआर-१, १५ चा पीएफ, २० ची जीएसटीआर-३बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रे) यांपैकी जे तुमच्याकडे असेल, तिथे हयगय नको, त्या आठवड्यात उशीर झाला तर झाला. याउलट आढाव्याच्या तक्त्याला कोणता रंग द्यावा, प्रत्येक मेलला त्याच संध्याकाळी उत्तर जावे की नाही, जुन्या फायलींच्या पाठींवर नव्याने नावे टाकावीत की कसे, हे सारे तुम्ही स्वतःवर लादून घेतलेले आहे आणि त्यातले निम्मे बंद केले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. (लक्षात आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका.)

या दोहोंच्या मध्ये तुमची खरी आस्था आहे, ती म्हणजे छोट्या पुरवठादारांचे पैसे. ती मुळीच सोडू नका. मात्र दयेच्या भाषेतून काढून ती कंपनीच्या हिशेबाच्या भाषेत मांडा, कारण कायदा इथे तुमच्या बाजूने उभा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठरवता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवसच मिळतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की मालाबद्दल पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतलेली नसेल, तर हे दिवस माल प्रत्यक्ष पोहोचल्यापासून मोजले जातात. जीआरएन कधी झाली, याच्याशी त्या मोजणीचा संबंध नाही. म्हणजे स्टोअर्समध्ये चलान दहा दिवस पडून राहिले, तर ते दहा दिवस कंपनीच्याच मुदतीतून वजा होतात. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा उद्योगांची देणी मुदतीबाहेर थकली, तर त्या खर्चाची आयकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच मिळते. "बिचाऱ्याचे पैसे अडकलेत" हे वाक्य ज्या साहेबांना हलवू शकले नाही, त्यांना ही दोन वाक्ये हलवण्याची शक्यता बरीच अधिक आहे.

म्हणून एक पानभर टिपण तयार करा. गेल्या दोन महिन्यांतल्या बिलांपैकी सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची बिले घ्या, गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरातली तारीख एका रकान्यात आणि जीआरएनची तारीख दुसऱ्यात लिहा, आणि मधले दिवस तिसऱ्यात. स्टोअर्समधल्या कोणाचेही नाव लिहू नका. तिथे माणसे कमी असतील, एकाच संगणकावर तिघे बसत असतील, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. स्वतः किती संध्याकाळी तिथे घालवल्यात, तेही लिहू नका, कारण मग ते टिपण तक्रारअर्ज होते आणि तक्रारअर्जावर लोक सांत्वन करून मोकळे होतात. शेवटी एकच विचारणा ठेवा: जीआरएन किती दिवसांत व्हावी आणि ती तशी होते की नाही, हे कोणी पाहावे, हे ठरवून द्यावे. मेल फक्त तुमच्या साहेबांना पाठवा. दहा जणांना सीसी केलेला मेल हा युद्धाचा पुकारा समजला जातो.

त्यानंतरची पायरी तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे. मेल पाठवल्यानंतर संध्याकाळी स्टोअर्समध्ये जाणे थांबवायचे. काही बिले अडकतील आणि फोन येतील. तेव्हा खोटे बोलायचे नाही, टाळायचेही नाही. "तुमचा माल अमुक तारखेला गेटवर आला आहे, जीआरएन व्हायची आहे, मी साहेबांना लेखी कळवले आहे, स्टोअर्सचा नंबर लिहून घ्या," एवढे स्पष्ट सांगायचे आणि फोन ठेवायचा. पहिले काही दिवस हे निर्दयपणाचे वाटेल. पण तुम्ही बदली होऊन गेलात किंवा आजारी पडलात, तर याच वर्कशॉपवाल्यांना विचारणारे कोणीही उरणार नाही, अशी सध्याची व्यवस्था आहे; त्यांच्या दृष्टीनेही तुमच्या संध्याकाळच्या फेरीपेक्षा ठरलेला नियम अधिक भरवशाचा आहे.

साहेब "तुम्हीच बघा ना तेवढं," असे म्हणण्याची शक्यताही आहे, आणि नाशिकच काय, कुठल्याही गावच्या साहेबांचे हे आवडते वाक्य आहे. त्यावर नाही म्हणू नका. "चालेल, मग ते माझ्या केआरएमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्यांत, घ्या आणि त्या बदल्यात कोणते काम दुसऱ्याकडे देऊ ते सांगा," असे शांतपणे म्हणा आणि त्याच दिवशी तेच वाक्य मेलवर पाठवा. काम वाढेल, पण ते तुमच्या नावावर आणि तुमच्या वेळेत येईल.

हाताखालच्या मुलीबद्दल मात्र मी तिची बाजू घेणार आहे. तिच्या चुका रात्री गुपचूप दुरुस्त करून तुम्ही तिचे भले करत नाही. सकाळी सगळे बरोबर दिसते आणि आपल्याला जमते आहे, असा तिचा समज होतो. सकाळी पंधरा मिनिटे तिच्याबरोबर बसा, चुकीच्या नोंदीवर फक्त खूण करा आणि दुरुस्ती तिला करू द्या. पहिला महिना तुमच्या हातापेक्षा दुप्पट वेळ लागेल.

हे उत्तर सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की अशी पत्रे फक्त अंबडहून येत नाहीत. सरकारी कार्यालयातल्या वाचकांकडे तर मेलपेक्षा जुने साधन आहे. फाइलवर तारखेसह लिहिलेली टिपणी हेच काम करते आणि ती अनेक वर्षांनंतरही बोलते. पिंपळगाव-दिंडोरी भागातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रे सांभाळणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे आहे, कारण तिथे जानेवारी ते एप्रिल असा हंगाम ठरलेला असतो आणि त्या दिवसांत रात्र-रात्र जागणे हा धंद्याचाच भाग आहे. त्यांनी पाहायचे ते इतकेच, की मे महिन्यात तरी घड्याळ मूळ जागी येते की नाही. रुग्णालयात किंवा लहान मुलांच्या शाळेत काम करणाऱ्यांनी मात्र "थोडे अडू द्या" हा माझा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तिथे अडले तर इजा तिसऱ्याच माणसाला होते, म्हणून तिथे हातातले काम न सोडता वरच्याला लगेच आणि लेखी कळवावे.

तुमच्या झोपेचे आणि पित्ताचे काय ते मी कागदावरून सांगू शकत नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा आणि कामाचे तासही त्यांना सांगा, नुसते जेवणाचे सांगू नका. रात्री मन घिरट्या घालत राहिले आणि कोणाशी बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. यजमानांशीही एकदा बोला, पण ते चिडलेले असताना नको. "कमी काम करते," असे मोघम वचन त्यांना देऊ नका, ते पाळले जाणार नाही. रविवारी फोनमधला ऑफिसचा मेल बंद असेल आणि महिनाअखेर सोडून रात्री लॅपटॉप उघडणार नाही, एवढे दोनच शब्द द्या, कारण ते पाळले की नाही हे मुलीलाही तपासता येईल.

राहता राहिला नोकरी बदलण्याचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण पत्राच्या शेवटच्या ओळीत "दुसरीकडे तरी काय वेगळे असणार?" असे लिहिले आहे. आज रागाच्या भरात राजीनामा देऊ नका आणि कधीच देणार नाही असेही ठरवू नका. टिपण पाठवल्यानंतर दोन महिनाअखेरी जाऊ द्या. त्या काळात साहेबांनी काहीएक ठरवले, मग ते अर्धवट का असेना, तर तिथे तुमच्या आस्थेला जागा आहे असे समजा. टिपणाला उत्तरच आले नाही आणि आठवण केल्यावरही विषय बदलला गेला, तर बायोडेटा अद्ययावत करा. लहान पुरवठादारांच्या देण्यांचा कायदा ज्याला नीट कळतो, अशा माणसाची गरज अंबड-सातपूरला आणि सिन्नरलाही आहे. मुलाखतीत पगार विचारून झाला, की तुमच्याकडे जीआरएन किती दिवसांत होते आणि ते कोण पाहते, हेही विचारा. उत्तर देण्याआधी समोरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले, तर तिथलेही स्टोअर्स तुम्हालाच चालवावे लागणार आहे.